पुडीवर औषधाचं नाव लिहा: स्टिरॉइडच्या बेनामी वापराबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
राज्याच्या औषध नियंत्रणाचं काम पाहणारे सर्व अधिकारी
(माहितीसाठी: औषधविक्रेते आणि खासगी डॉक्टर यांच्या संघटना)

महोदय,

सासूबाईंच्या औषधाच्या पुड्यांची तक्रार घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेले होते. टेबलापलीकडच्या साहेबांनी शांतपणे दोन गोष्टी मागितल्या: औषधाचं नाव आणि खरेदीचं बिल. मी म्हटलं, नाव नाही हीच तर माझी तक्रार आहे. ते म्हणाले, "मॅडम, नावच नसेल तर आम्ही चौकशी कशाची करायची?" त्यांच्यापुढचा फॉर्म तसाच होता, त्यामुळे त्यांच्यावर माझा राग नाही. पण ज्या औषधाला नाव नाही त्याची तक्रारच होत नसेल, तर नाव न लिहिणाऱ्याला याहून सुरक्षित जागा दुसरी कुठली? ही गोष्ट मला गिळवत नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

आधी एक स्पष्ट करते. मी स्टिरॉइडच्या विरोधात नाही. माझा मुलगा त्याच औषधावर वाढला आहे. त्याला लहानपणी नेफ्रोटिक सिंड्रोम झाला. लघवीतून प्रथिनं वाहून जातात, सकाळी उठल्यावर डोळे सुजून बारीक होतात, पोट फुगतं. त्याला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं: वजनाच्या हिशेबाने दर किलोमागे २ मिलिग्रॅम, रोज सकाळी नाश्त्यानंतर, ६ आठवडे, मग दीड मिलिग्रॅमप्रमाणे दिवसाआड आणखी ६ आठवडे. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक वही करायला सांगितली. तारीख, वजन, गोळी किती, लघवीच्या पट्टीचा रंग. पिवळा राहिला तर 'निल', हिरवट झाला की एक प्लस, दोन प्लस. त्याच वेळी त्यांनी सगळं सांगून ठेवलं होतं: चेहरा गोल होईल, भूक सुटेल, चिडचिड करेल, रात्री झोपणार नाही, बीपी आणि उंची दर भेटीत बघू, डोळे तपासत राहू, ठरावीक लसी सध्या द्यायच्या नाहीत, शाळेत कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी फोन करा, आणि काहीही झालं तरी गोळी मनाने बंद करायची नाही. सांगितलेलं जवळपास सगळं झालं. पण आम्हाला ते माहीत होतं, म्हणून घाबरलो नाही.

त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, सासूबाई तेच औषध खात होत्या. फक्त ते आम्हाला कुणालाही माहीत नव्हतं.

त्यांचे गुडघे दुखायचे. तालुक्याच्या गावी एक दवाखाना होता, नाव घेत नाही. गर्दी मोठी, हाताला गुण मोठा. आठवड्याच्या पुड्या मिळायच्या: चौकोनी कागदात बांधलेल्या, आत एक पांढरी बारीक गोळी, एक पिवळी, अर्धी गुलाबी. वर काही लिहिलेलं नाही. सकाळची पुडी लाल दोऱ्याची, रात्रीची साध्या. दुसऱ्याच दिवशी त्या जिना चढल्या. आळीतल्या चार बायका त्यांच्याबरोबर जाऊ लागल्या. पुढे त्यांचा चेहरा भरला तेव्हा सगळ्यांना वाटलं, तब्येत सुधारली. साखर वाढली, तिची गोळी दुसऱ्या डॉक्टरकडून सुरू झाली. हातावर जरा काही लागलं की जांभळे डाग पडायचे. पाटावरून उठताना मांड्यांत जोर राहिला नव्हता, ते वयावर गेलं. एवढी सगळी लक्षणं डोळ्यांसमोर असताना त्यांचा एकमेकांशी संबंध कुणी लावला नाही, कारण लावायला हाताशी नावच नव्हतं.

एका दिवाळीत दवाखाना बंद राहिला आणि पुड्या संपल्या. भाऊबीज उलटता उलटता त्यांना उलट्या सुरू झाल्या, मग ग्लानी. गावात पोट बिघडल्याचं औषध झालं, सलाइन लागलं. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं तेव्हा बीपी हाताला लागत नव्हतं, साखर आणि सोडियम दोन्ही उतरलेले. तिथल्या एका तरुण डॉक्टरने बीपीचा पट्टा सोडताना दंडावर उमटलेला जांभळा वळ पाहिला. पट्टा बाजूला ठेवून हात उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "आजी, सांधेदुखीच्या पुड्या खाता का?" हायड्रोकॉर्टिझोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपर्यंत त्या चहा मागू लागल्या. नंतर सकाळच्या रक्तात कॉर्टिझॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासलं, ते नावापुरतंच होतं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिझॉल तयार करतात, साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. ताप, ऑपरेशन, अपघात अशा वेळी शरीर ते वाढवून घेतं. बाहेरून गोळी येऊ लागली की मेंदूकडून या ग्रंथींना निरोप जाणं थांबतं. विहिरीचा उपसा थांबला की झरे बुजतात, तसं होतं. तीनेक आठवड्यांहून जास्त काळ गोळ्या घेतल्या असतील तर त्या एकदम थांबवायच्या नसतात, पायरीपायरीने उतरवायच्या असतात. झरे मोकळे व्हायला कधी महिने लागतात, कधी वर्ष. सासूबाईंचे अजून झालेले नाहीत. हे वाचून कुणी आपल्या गोळ्या आजच्या आज बंद करू नका. आधी डॉक्टरला दाखवा.

आता माझ्या तक्रारी.

पहिली पुड्यांचीच. डॉक्टरने आपल्याच रुग्णाला औषध देण्याला कायद्याने मुभा आहे, ते मला माहीत आहे आणि खेड्यापाड्यांत त्याची गरजही आहे. पण मुभा औषध देण्याची आहे, लपवण्याची कशी असेल? चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य, मोठ्या अक्षरांत लिहावं असं डॉक्टरांच्या आचारनियमांतच २०१६ मध्ये आलं. जिथे चिठ्ठीच नाही तिथे अक्षर सुवाच्य आहे की नाही हे कोण बघणार? शिवाय एवढीशी गोळी म्हणून माणूस बिनधास्त असतो. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी टिकलीएवढी दिसते, पण पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. तसल्या दोन गोळ्या रोज पोटात गेल्या तरी शरीराच्या स्वतःच्या कॉर्टिझॉलपेक्षा जास्त झालं.

दुसरी मेडिकलची. ही औषधं शेड्युल एचमध्ये येतात, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि विक्री नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. प्रत्यक्षात काउंटरवर कुणी म्हणतं, "मागच्या वेळच्या त्या सर्दी-खोकल्याच्या गोळ्या द्या, लगेच गुण आला होता," आणि कात्री निघते. पट्टीतून सहा गोळ्या कापल्या जातात. नाव आणि मुदत छापलेला तुकडा दुकानात राहतो, कोरा तुकडा खाकी पाकिटात जातो. पाकिटावर बॉलपेननं १-०-१. इशारा असतो, पण इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात आणि बहुधा त्या दुकानात राहिलेल्या तुकड्यावर. नाव मिळालंच तर तेही कंपनीचं. वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल, मेड्रॉल, डेफकॉर्ट, डेक्सोना ही सगळी एकाच घराण्यातली आहेत हे माणसाला कसं कळावं? एका डॉक्टरने एक दिलं, दुसऱ्याने दुसरं, आणि दोन्ही एकदम पोटात गेली, असं घडायला अडवणारं काही नाही.

तिसरी मलमांची. यावर खरं तर वेगळं पत्र व्हायला हवं. गजकर्णावर मेडिकलवाला जी ट्यूब देतो त्यात बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं अतितीव्र स्टिरॉइड असा काला असतो. खाज दोन दिवसांत थांबते, कारण स्टिरॉइडने त्वचेचा प्रतिकार झोपवलेला असतो. बुरशी मात्र निवांत पसरते. ट्यूब थांबली की चट्टा दुप्पट होऊन वर येतो, मग पुन्हा तीच ट्यूब. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' ही बुरशी आज भारताबाहेरही डॉक्टरांच्या डोक्याला ताप झाली आहे. तिच्या नावातच आपला देश आहे. हीच स्टिरॉइडची ट्यूब मुली गोरेपणासाठी, वांगावर, मुरमांवर महिनोन्‌महिने चोळतात. त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, उन्हात आग होते, गालावर लव वाढते, आणि मलम थांबवलं की चेहरा पेटतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध कितीतरी वर्षं ओरड केली, तेव्हा कुठे मार्च २०१८ मध्ये केंद्राने चौदा स्टिरॉइड मलमं शेड्युल एचमध्ये घातली. कागदावर घातली. आमच्या बाजारपेठेत ती आजही टूथपेस्टच्या शेजारी मांडलेली दिसतात.

चौथी तक्रार मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. नाव माहीत नसेल तर हे औषध दुसऱ्या औषधाशी भांडतंय का, हे बघायचं कुणी?

पुड्यांमध्येच बघा. पांढऱ्या गोळीशेजारची पिवळी किंवा गुलाबी गोळी बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक असते. स्टिरॉइड आणि वेदनाशामक ही जोडी जठरात जखम होण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका कैक पटींनी वाढवते, आणि म्हाताऱ्या माणसात तर फारच. शौचाला डांबरासारखं काळं होतंय, हे घरात आधी कुणी सांगतही नाही. मधुमेहाच्या डॉक्टरला स्टिरॉइडचा पत्ता नसतो. तो वाढलेली साखर बघून गोळ्या वाढवत नेतो, आणि मग एक दिवस पुड्या बंद होतात तेव्हा साखर धाडकन खाली येते. बीपी किंवा पायावरच्या सुजेसाठी लघवी होण्याची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून शरीरातलं पोटॅशियम घालवतात. हृदयासाठी डिगॉक्सिन असेल तर ते अशा वेळी विषारी ठरू शकतं. खोकल्याला बरं म्हणून रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्यांनाही हे लागू आहे, ज्येष्ठमधही पोटॅशियम उतरवतो आणि बीपी वाढवतो. घरगुती म्हणून निरुपद्रवी असं काही नसतं.

टीबीचं तर दुहेरी आहे. प्रेडनिसोलोन रोज १५ मिलिग्रॅम किंवा जास्त, महिनाभर घेतलं की शरीरात दबून बसलेला क्षय डोकं वर काढू शकतो. आपल्याकडे असा दबलेला क्षय कितीतरी जणांच्या अंगात असतो. मग टीबीचे उपचार सुरू होतात, त्यात रिफॅम्पिसिन असतं. ते यकृताला स्टिरॉइड भराभर मोडायला लावतं, गोळी तेवढीच राहते पण असर जवळपास निम्म्यावर येतो. ज्याचं शरीर त्या गोळीवर उभं आहे तो यात कोसळू शकतो. फिटच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या गोळ्याही असंच करतात. उलट बाजूला बुरशीवरचं इट्राकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर स्टिरॉइड मोडूच देत नाहीत, त्यामुळे दम्याच्या पंपातलं बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसुद्धा अंगात साठून चेहरा सुजवू शकतं. आणि यातलं इट्राकोनाझोल आज कशावर सर्रास दिलं जातं? गजकर्णावर. लेव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स घेताना स्टिरॉइड चालू असेल तर टाचेवरची कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी) तुटू शकते, साठीपुढच्या माणसांत विशेष. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा असर कमीजास्त होतो, तपासणी लवकर करावी लागते. हे सगळं डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकातलं आहे, मी काही शोध लावलेला नाही. पण हे ज्ञान वापरायला डॉक्टरच्या हातात आधी औषधाचं नाव यावं लागतं.

कोविडनंतर तरी आपण शिकू असं वाटलं होतं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने दाखवलं की दिवसाला ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, हे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी करतं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. एवढं स्पष्ट असताना दुसऱ्या लाटेत आपल्याकडे घरबसल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या याद्यांवरून, पहिल्याच तापाला स्टिरॉइडं सुरू झाली. मधुमेह आटोक्यात नाही, वरून स्टिरॉइड, आणि मग म्युकरमायकोसिस. मे २०२१ मध्ये केंद्राला राज्यांना सांगावं लागलं की हा नोंद बंधनकारक असलेला आजार म्हणून जाहीर करा. डोळा आणि वरचा जबडा गमावलेली माणसं आपल्या राज्यात गावोगाव आहेत.

काही जण म्हणतील, स्टिरॉइड वाईट नाही, अज्ञान वाईट आहे, लोकांना शिकवा. लोकांना काय शिकवायचं? कोऱ्या कागदातली गोळी ओळखायला? १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या बाईला कॉर्टिझोन दिलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली. १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं, आणि दुष्परिणामही त्याच सुमाराला दिसू लागले होते. म्हणजे देणाऱ्याला पंचाहत्तर वर्षं हे माहीत आहे. अज्ञानात ठेवलाय तो फक्त खाणारा.

म्हणून माझ्या मागण्या, आणि त्यातली पहिली मान्य झाली तर निम्मं काम होईल असं मला वाटतं:

१. रुग्णाच्या हातात जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर, मग ते मेडिकलचं असो की डॉक्टरच्या पुडीचं, औषधाचं जेनेरिक नाव आणि मात्रा मराठीत लिहिणं बंधनकारक करा. स्टिरॉइड असेल तर ठळक अक्षरांत: "हे स्टिरॉइड आहे. डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका." रबरी शिक्का पुरेल, त्याला छपाईचा खर्च नाही. पट्टी कापायची तर नाव असलेला तुकडा गिऱ्हाइकाला द्या.

२. पोटात घ्यायची स्टिरॉइडं आणि तीव्र स्टिरॉइडची मिश्र मलमं शेड्युल एच-१ मध्ये घालावीत, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. क्षयाची औषधं आणि कितीतरी अँटिबायोटिक्स मार्च २०१४ पासून त्यात आहेत; दुकानदार डॉक्टरचं, रुग्णाचं आणि औषधाचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपून ठेवतो. म्हणजे पद्धत तयार आहे, नवीन काही उभारायचं नाही.

३. सांधेदुखी, दमा आणि खाजेवरची 'आयुर्वेदिक' म्हणून विकली जाणारी चूर्णं, गोळ्या आणि मलमं यांचे नमुने आठवडी बाजारातून, जत्रांतून आणि दवाखान्यांतून नियमित घ्या, त्यांत स्टिरॉइड आहे का ते तपासा आणि निकाल नावानिशी जाहीर करा. खरी आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्यांचंही त्यात भलंच आहे.

४. बिल नाही, नाव नाही म्हणून तक्रार परत पाठवू नका. औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार कुणीही विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. ही सोय कुठे आणि किती पैशांत मिळते याचा फलक प्रत्येक मेडिकलमध्ये लावा. बेनामी पुडी हीच प्रथमदर्शनी पुरावा धरा.

५. ज्यांना तीन आठवड्यांहून जास्त काळ स्टिरॉइड द्यायचं आहे त्यांना खिशात मावेल असं कार्ड द्या: औषध, मात्रा, सुरू केल्याची तारीख, आणि आणीबाणीत हायड्रोकॉर्टिझोन द्यावं अशी सूचना. इंग्लंडमध्ये २०२० पासून स्टिरॉइडचं आणीबाणीचं कार्ड चालू आहे. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करता येईल.

६. दुष्परिणामांची नोंद रुग्ण स्वतः करू शकतो, त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. तो औषधाच्या दुकानात दर्शनी भागात, मराठीत लावणं सक्तीचं करा.

आमच्या भागात पुड्या देणारे डॉक्टर वाईट माणसं आहेत असं मी म्हणत नाही. रात्री-अपरात्री दार उघडणारे तेच असतात. औषधविक्रेतेही आपल्यातलेच आहेत. पण दोघांनाही "पाकिटावर नाव लिहा" एवढंच सांगायला कुणीतरी अधिकारी लागतो, आणि तो अधिकार तुमच्याकडे आहे.

यातल्या कोणत्या मागणीवर काय करणार आणि कधीपर्यंत, याचं उत्तर मला घरच्या पत्त्यावर नको. पत्र जाहीर आहे, उत्तरही जाहीर द्यावं. जी मागणी मान्य नसेल तिचं कारणही त्यात लिहावं.

कळावे,
एक रुग्णनातेवाईक
सांगली जिल्हा